हजेरीपटावरचे ली

आपण ज्याला 'सोम्यागोम्या' म्हणतो, त्याला चीनमध्ये 'तिसरा झांग, चौथा ली' म्हणतात. म्हणजे कोणीही, रस्त्याने जाणारा कुणी एक माणूस. ली हे आडनाव तिकडे इतके सर्रास आहे! दहा कोटींच्या आसपास माणसे ते लावतात. २०११ च्या शिरगणतीत आपल्या साऱ्या महाराष्ट्राची वस्ती सव्वाअकरा कोटी होती. त्यावरून काय तो अंदाज करा.

चिनी माणूस आधी आडनाव सांगतो, मग स्वतःचे नाव. ली हे अक्षर लिहायचे तर वर झाडाची खूण आणि तिच्याखाली मुलाची. अर्थ मात्र साधा आहे, आलुबुखाराचे झाड. या एका झाडाखाली कोण कोण येऊन बसले आहे, ते आज पाहू.

पहिला मान बादशहाला देऊ. इ. स. ६१८ ते ९०७ या काळात चीनवर राज्य करणाऱ्या तांग घराण्याचे आडनाव ली. त्यातला दुसरा बादशहा ली शिमिन. भारतयात्रा करून ह्युएनत्संग ६४५ साली परतला, तेव्हा या बादशहाने त्याला प्रवासाची हकीकत लिहून काढायला सांगितले. त्या ग्रंथात महाराष्ट्राचे आणि पुलकेशी राजाचे वर्णन आहे. आमच्या इतिहासाच्या शिक्षकांवर एका लीचे हे ऋणच म्हणायचे. आणि मौज अशी, की तांग बादशहा इमानी सरदारांना बक्षीस म्हणून आपले आडनाव बहाल करीत. त्यांत परक्या टोळ्यांचे सरदारही असत. तेव्हा सारे ली एका रक्ताचे, असे म्हणण्याची सोय नाही.

आता शेतकरी बंधूंनी जरा कान द्यावा. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात ली बिंग नावाचा एक अधिकारी सिचुआन भागात कारभार पाहत होता. तिथली मिन नदी डोंगरातून सपाटीवर उतरे, ती पूर घेऊनच. एरवी शेते कोरडी. ली बिंगने नदी आडवी अडवली नाही. बांबूच्या लांबलचक करंड्या विणून घेतल्या, त्यांत दगडगोटे ठासून भरले आणि नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घातला. पाण्याचे दोन भाग झाले. एक शेतांकडे वळला, दुसरा पुराचे पाणी घेऊन पुढे गेला. वाटेत टेकडी आडवी आली. सुरुंगाची दारू तेव्हा माहीत नव्हती. मग खडकावर जाळ करायचा, तापलेल्या खडकावर थंड पाणी ओतायचे आणि तडकलेला दगड काढायचा, असे करीत टेकडी फोडली. शिवाय दर हिवाळ्यात पाणी उतरले की तळचा गाळ उपसण्याची वहिवाट पडली. दुजियांगयेन नावाची ही योजना आजही लाखो हेक्टर जमीन भिजवते. २००० साली ती जागतिक वारसा ठरली. बांधणे एकदाचे, पण गाळ दरसालचा. पाण्याशी ज्याचा संबंध आहे त्याला हे निराळे सांगायला नको.

दुसरा ली, ली शिझेन. जन्म १५१८. आजोबा गावोगाव फिरून औषध देणारे, वडीलही वैद्य. वडिलांची इच्छा, की मुलाने सरकारी परीक्षा द्यावी. त्याने दिली आणि तीनदा नापास झाला! मग वैद्यकीकडे वळला. जुन्या ग्रंथांतल्या चुका त्याला दिसू लागल्या. कोळी, लाकूडतोडे, शेतकरी यांना विचारीत, वनस्पती स्वतः पारखीत त्याने सत्तावीस वर्षे खर्चली. १५७८ साली औषधींचा एक प्रचंड कोश सिद्ध झाला. त्यात १,८९२ नोंदी आहेत. १५९३ मध्ये तो वारला. छापील ग्रंथ लोकांच्या हाती आला तो १५९६ साली.

स्त्रियाही मागे नाहीत बरं का. १०८४ साली जन्मलेली ली छिंगझाओ चीनच्या थोर कवींत गणली जाते. स्वाऱ्यांच्या धामधुमीत घर सुटले, पती गेला, तरी तिची लेखणी थांबली नाही. आपल्या काळात तर दोघींचे नाव नि आडनाव दोन्ही एकच, ली ना. एकीने २००० साली सिडनीत पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धेत सुवर्णपदक घेतले, दुसरीने २०११ मध्ये फ्रेंच टेनिस स्पर्धा जिंकली.

आणि ली त्सुंगदाओ. युद्धामुळे कॉलेजे स्थलांतर करीत होती; याची पदवी पुरी झालीच नाही. तरी १९४६ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या विद्यापीठाने त्याला घेतले. १९५७ साली, एकतीस वर्षांचा असताना, पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्याला यांग या मित्रासह मिळाले. २०२४ मध्ये ते निवर्तले. कागदावर पदवी नाही म्हणून कोणी दार लावून घेतले असते तर?

हे विचारतो, कारण असे दार मी एकदा लावले आहे. वर्गातल्या एका मुलाचा फीमाफीचा अर्ज माझ्याकडे शिफारशीला आला. आडनाव त्या भागातल्या बड्या जमीनदार घराण्याचे. मनात म्हटले, याला काय कमी? अर्ज गठ्ठ्यात खाली गेला. दिवाळीनंतर मुलगा वर्गात दिसेना. चौकशी केली तेव्हा कळले, वडील त्याच घराण्याच्या शेतावर सालगडी होते. मुलगा परत आला नाही.

जाधव, पवार, शिंदे ही आडनावे आपल्याकडे कितीतरी जातीजमातींत आहेत. तरीही आडनाव कानी पडताच आपण माणसाचे घर, जात, ऐपत मनात मांडून मोकळे होतो. शिक्षकबंधूंनो, उद्या हजेरी घ्याल तेव्हा आडनाव झाल्यावर क्षणभर थांबा, मान वर करा आणि उत्तर देणारे मूल पाहा. त्याच्या घरी काय आहे नि काय नाही, हे त्यालाच विचारा. मी विचारले नव्हते.