रुपयाला महिना एक आणा



संसारातील कर्ज आणि त्याचा हिशेब हा आजचा विषय. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा दहावीच्या आतच सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकापाशी आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. कामगारांचे पगार आणि त्यांतून जाणारे हप्ते पाहता पाहता जे उमजले, तेवढेच सांगणार आहे.

कर्जाचा विषय निघाला की ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ऐकवण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हण खरी आहे. पण अंथरूणच आखूड असेल तर माणसाने पाय दुमडून किती दिवस निजायचे? व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील मजूर आयोगाने १९३१ साली अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत, आणि त्यांतील बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून अधिक आहे, असे त्यात नमूद आहे. इतकी माणसे एकदम उधळी कशी होतील? तेव्हा पुरेसा पगार हा पहिला उपाय, आणि त्यासाठी आम्ही भांडतोच. परंतु वाढलेला पगार व्याजाच्या भोकातून गळून जात असेल, तर ते भोक बुजवणे हेही आपलेच काम आहे.

त्याच अहवालात व्याजाचा सर्रास दर दिला आहे : रुपयाला महिना एक आणा. एक आणा म्हणजे काय मोठेसे? पण बारा महिन्यांचे बारा आणे होतात, आणि सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे वर्षाला शेकडा ७५! सावकाराची सारी कला एवढीच, की दर महिन्याचा सांगायचा आणि वर्षाचा गुणाकार ऋणकोवर सोडायचा.

आणे गेले, कला मात्र राहिली. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला महिना साडेतीन टक्के पडत असतील, तर वर्षाचे ४२ झाले. मोबाईलवर कोणी ‘दिवसाला अवघा एक टक्का’ म्हणाला, तर वर्षाचे ३६५! आणखी एक युक्ती पाहा. एक लाख रुपये, दोन वर्षे, ‘फक्त बारा टक्के’. व्याज २४,००० आणि हप्ता सुमारे ५,१६७. पण मुद्दल तर आपण दरमहा फेडत असतो, आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पुऱ्या लाखावर लागते. खरा दर पडतो सुमारे साडेएकवीस टक्के. म्हणून सही करण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारा : सर्व खर्च धरून वर्षाचा दर किती, आणि शेवटी एकूण भरायचे किती?

दोन-तीन कर्जे असली की आपण दारात येऊन ओरडणाऱ्याचे आधी भागवतो. हिशेब निराळे सांगतो. ठरलेला हप्ता सर्वांचा द्या. वर जे उरेल ते सर्वांत चढ्या व्याजाच्या कर्जात भरा. पतपेढीचे स्वस्त कर्ज घेऊन सावकार फेडणे हा शहाणपणाच आहे. मात्र सावकाराचे दार मग कायमचे बंद झाले पाहिजे. नाहीतर एका कर्जाची दोन होतात. आणि घरात कोणापासून कर्ज लपवू नका. लपवलेले कर्ज फेडायला दुसरे लपवावे लागते.

कायदाही ठाऊक असावा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. आपला जुना दामदुपटीचा नियम तो हाच. बँकांच्या वसुली करणाऱ्यांनी सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. कर्ज बुडवा असे मी सांगत नाही. घेतलेले फेडावेच, पण मान खाली घालून नव्हे.

शेवटी एकच सांगतो. अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची वेळ येते, तेव्हा पहिला डगमगतो तो भित्रा नसतो. त्याचा पुढच्या आठवड्यात हप्ता असतो. ज्याच्या गाठीला दोन महिन्यांचे पोटापाण्याचे पैसे आहेत, तो ‘नाही’ म्हणू शकतो. काटकसर करायची ती पैशाच्या लोभाने नव्हे, तर हे ‘नाही’ आपल्या तोंडी राहावे म्हणून.