अवयवदान : स्वकीयांचा अग्रहक्क आणि परकीयांचा वाटा

(३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन. त्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी मृत दात्याच्या हृदयाचे देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. त्या घटनेला तीस वर्षे होत आली असताना, २०२४च्या जानेवारीत, दिल्लीतील एका ६९ वर्षांच्या दात्याचे हृदय चेन्नईला नेण्यात आले आणि कराचीहून आलेल्या १९ वर्षांच्या तरुणीला नवे आयुष्य मिळाले. एप्रिलमध्ये ही वार्ता वृत्तपत्रांत आली, तेव्हा अनेकांना अभिमान वाटला. पण आपल्याच काही कार्यकर्त्यांनी मला विचारले, "आपले रुग्ण रांगेत तिष्ठत असताना भारतीय हृदय पाकिस्तानी रुग्णाला का?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला संतापाने उत्तर देऊ नये आणि भाबडेपणानेही देऊ नये. उत्तर आपल्या कायद्यात आहे.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४चा. तो व्हावा म्हणून पुढाकार घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन राज्ये होती, हे आपण सहसा विसरतो. त्याखालील २०१४च्या नियमांनी मृत दात्याच्या अवयवांचा क्रम ठरवून दिला आहे. आधी राज्याच्या यादीतील रुग्ण, मग विभागाच्या, मग राष्ट्रीय यादीतील. त्यानंतर भारतीय वंशाची व्यक्ती आणि सर्वांत शेवटी परदेशी नागरिक. म्हणजे परदेशात स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेला आपला मराठी बांधवसुद्धा येथील रुग्णांच्या मागे, पण अन्य परकीयांच्या पुढे उभा आहे. कराचीच्या त्या मुलीला मिळालेल्या हृदयासाठी देशात दुसरा दावेदार नव्हता. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारण चार तासच टिकते. ते वाया गेले असते. कोणाही भारतीयाच्या तोंडचा घास तेथे काढला गेला नाही. रांग पाळून उरलेले दिले, म्हणूनच ते दान शोभले.

परंतु रांग मोडली तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. २०१८ मध्ये केरळच्या एका तरुणाचा तामिळनाडूत रस्त्यावर अपघात झाला आणि तो मेंदूमृत झाला. देयकाचे दडपण आणून कुटुंबाची संमती घेतली गेली आणि अवयव परदेशी रुग्णांना दिले गेले, अशी तक्रार झाली. केरळच्या मुख्यमंत्र्यांना तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांकडे चौकशीची मागणी करावी लागली. अशा वार्तेने होणारी हानी एका रुग्णापुरती नसते. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या बापाच्या मनात शंका येते, की माझ्या मुलाचे हृदय गरजूला जाईल की पैसेवाल्याला? ही शंका रुजली की तो नकार देतो. अवयवदानाचे सारे भांडवल विश्वास हेच आहे.

दुसरा धोका जिवंत दात्यांचा. आपल्या देशातील बहुसंख्य प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या बळावर होतात आणि परदेशी रुग्णही बहुधा आपला दाता सोबत आणतात. रुग्ण परदेशी व दाता भारतीय असेल, तर ते जवळचे नातेवाईक असल्याखेरीज परवानगी द्यायची नाही, असे २०११च्या दुरुस्तीने बजावले. परदेशी जोडीचे नाते त्यांच्या दूतावासाने प्रमाणित करावे लागते. तरीही २०२४ मध्ये राजस्थान आणि दिल्ली परिसरात बांगलादेशी रुग्ण व दात्यांना खोटी कागदपत्रे पुरवणाऱ्या टोळ्या उघडकीस आल्या. तेथे मूत्रपिंड विकणारा गरीब बांगलादेशीच होता. दारिद्र्य कोणत्या देशाचे आहे, यावर पापाचे माप ठरत नाही. त्याच वर्षी केंद्राने प्रत्येक दाता आणि रुग्णाला राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटनेचा ओळख क्रमांक देण्याची सक्ती राज्यांना कळवली. ती कसोशीने पाळली गेली पाहिजे.

काही जण म्हणतात, 'स्वकीय प्रथम' हा संकुचितपणा आहे. २००८च्या इस्तंबूल घोषणेत जगभरच्या तज्ज्ञांनी हेच सांगितले, की प्रत्येक देशाने स्वतःच्या गरजेत स्वयंपूर्ण व्हावे आणि परदेशी रुग्णांवरील उपचारांमुळे तेथील जनतेचा वाटा घटू नये. सीमा ओलांडून अवयव वाटून घेण्याची व्यवस्था युरोपात आहे. १९६७ पासून चालणाऱ्या युरोट्रान्सप्लांटमध्ये आज जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, हंगेरी यांच्यासह आठ देश आहेत. परंतु तेथे कोणत्या देशाने किती दिले व किती घेतले, याचा ताळेबंद ठेवला जातो. बंधुभावालाही हिशेब लागतो, तरच तो टिकतो.

बंधूंनो, आता थोडे आत्मपरीक्षण. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे पन्नास मृत दाते मिळतात. आपल्याकडे एकसुद्धा मिळत नाही. परकीयाला एक हृदय गेले म्हणून आपण हळहळतो. पण रोज किती हृदये आपण स्वतःच्या हातांनी अग्नीला देतो? दधीची ऋषींची कथा आपण मुलांना सांगतो. मुलांनी विचारले, "बाबा, तुम्ही अर्ज भरलात का?" तर आपण काय सांगणार? आपल्याच मराठवाड्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी देहदानाचा संकल्प केला होता आणि २०१० मध्ये त्यांचा देह वैद्यकीय अभ्यासासाठी दिल्लीला सोपवला गेला. देहदान आणि अवयवदान यांत फरक आहे. अवयवदानासाठी मेंदूमृत्यूनंतर तासांतच निर्णय लागतो आणि तो शेवटी घरच्यांनीच घ्यायचा असतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. अर्ज भरा, पण तो कपाटात ठेवू नका. आज रात्री जेवताना पत्नीला, मुलांना, वृद्ध आईवडिलांना आपली इच्छा स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्यांचीही विचारा. वसुधेला कुटुंब मानणारी आपली परंपरा आहे. पण ज्याच्या घरची चूल पेटलेली असते, तोच अतिथीला जेवू घालू शकतो. आपली रांग संपेल एवढे दाते आपणच निर्माण करू, तेव्हा दाराशी आलेल्या परकीयाला काय द्यावे, हा प्रश्न आपल्याला अवघड वाटणार नाही.

भारत माता की जय!