अतितेजस्वी क्ष-किरण स्रोतांचा दृश्य साक्षीदार

(एका विज्ञान व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चोवीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांनी ताऱ्यांच्या अंतिम अवस्थेविषयीचे आपले गणित मांडले. त्याच सभेत त्या काळचे अग्रणी खगोलशास्त्रज्ञ सर आर्थर एडिंग्टन यांनी त्याची खिल्ली उडविली. आजच्या विषयात ही दोन्ही नावे पुन्हा समोरासमोर येतात.

काही दीर्घिकांमध्ये, केंद्रापासून दूर, असे बिंदू आढळतात की ज्यांतून केवळ क्ष-किरणांच्या रूपाने सूर्याच्या एकूण तेजाच्या अडीच लाख पटींहून अधिक ऊर्जा बाहेर पडते. १९७८ मध्ये सोडलेल्या 'आइन्स्टाइन' उपग्रहाच्या निरीक्षणांत ते प्रथम लक्षात आले. कृष्णविवरात किंवा न्यूट्रॉन ताऱ्यावर कोसळणारा वायू तापतो आणि क्ष-किरण फेकतो. परंतु तेज फार वाढले, तर त्या प्रकाशाचा दाबच येणाऱ्या वायूला मागे लोटू लागतो. हीच एडिंग्टन मर्यादा. वस्तू जितकी जड, तितकी ही मर्यादा मोठी. म्हणूनच हे स्रोत शेकडो, कदाचित हजारो सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे असावीत, असे अनेकांना वाटले.

अनुमान आकर्षक होते. पण वजन करावयाचे कसे? त्यासाठी स्रोताला वायू पुरविणारा सहचर तारा दृश्य प्रकाशात सापडला पाहिजे. त्याच्या वर्णपटावरून त्याची जात कळते आणि त्याच्या भ्रमणावरून अदृश्य जोडीदाराचे वस्तुमान.

हा शोध सोपा नाही. १९९९ मध्ये अवकाशात गेलेली, चंद्रशेखरांचेच नाव धारण करणारी 'चंद्रा' वेधशाळा सुमारे अर्ध्या विकलेपर्यंतचा तपशील पाहू शकते. परंतु १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर अर्धी विकला म्हणजे जवळजवळ ३० प्रकाशवर्षांचा प्रदेश! मग 'चंद्रा' आणि 'हबल' यांच्या प्रतिमांत समान असणारे तारे किंवा क्वासार शोधून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसवाव्या लागतात. तरीही उरलेल्या लहानशा वर्तुळात कधी अनेक तारे दिसतात, कधी एकही नाही. कधी वर्णपट घेतल्यावर कळते, की तो स्रोत त्या दीर्घिकेचा नव्हेच. कितीतरी मागे असलेला क्वासार आहे.

एनजीसी ७७९३ या दीर्घिकेतील 'पी १३' हा स्रोत येथे मोठा बोध देऊन जातो. त्याच्या स्थानी निळसर महाराक्षसी तारा सापडला. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहूनही तो काही लाख पटींनी मंद आहे. त्याचा प्रकाश सुमारे ६४ दिवसांच्या आवर्तनाने कमीजास्त होतो, कारण क्ष-किरणांनी तापलेली त्याची बाजू कधी आपल्याकडे असते, कधी नसते. यावरून २०१४ मध्ये निष्कर्ष निघाला, की अदृश्य जोडीदाराचे वस्तुमान १५ सूर्यांहून कमी आहे. विराट कृष्णविवराची कल्पना निदान येथे तरी मावळली.

गोष्ट इथे संपली नाही. तो जोडीदार लहान कृष्णविवर असावा, असे तेव्हा मानले गेले. परंतु पुढील दोन-तीन वर्षांत त्याच्या क्ष-किरणांत दर ०.४२ सेकंदाला येणारी स्पंदने आढळली. कृष्णविवराला पृष्ठभाग नसतो. असे नियमित स्पंदन फिरणारा न्यूट्रॉन ताराच देऊ शकतो. मोजलेली कमाल मर्यादा खरी ठरली, तिला जोडलेले नाव मात्र बदलावे लागले. मोजमाप आणि मत यांतील हे अंतर प्रत्येक अभ्यासकाने जपले पाहिजे.

भारताच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'ची रचनाच एकाच वेळी अतिनील आणि क्ष-किरणांत आकाश पाहण्यासाठी झाली आणि तिच्या उपकरणांच्या उभारणीत पुण्याच्या 'आयुका'चा वाटा आहे.

एडिंग्टन यांची मर्यादा ओलांडणारे हे दीप आज चंद्रशेखरांच्या नावाच्या दुर्बिणीतून न्याहाळले जातात. त्यात कोणाचा सूड नाही. एडिंग्टन यांचे सूत्र आजही उपयोगी आहे आणि चंद्रशेखरांचे गणितही टिकून आहे. १९३५ च्या त्या सभेत वजन वक्त्याच्या कीर्तीला मिळाले. आकाशाने मात्र आपली साक्ष सवडीने दिली. ती साक्ष ऐकण्याचा धीर आपल्या तरुणांत यावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.