छातीच्या अस्तरातली एकांडी गाठ

छातीच्या एक्स-रेवर नारळाएवढी पांढरी सावली दिसली की घरातल्यांच्या पायाखालची वाळू सरकते. ‘आता काही उरलं नाही,’ असं मनाने घेतलेलं असतं. पण तपासणी पुरी होईपर्यंत आशा सोडू नका. एवढी मोठी गाठही कधीकधी मुळापासून निघते आणि माणूस बरा होतो.

फुप्फुसाभोवती पातळ, दुपदरी अस्तर असतं. त्यात क्वचित उगवणाऱ्या एकांड्या तंतुमय गाठीचं वर्णन क्लेम्परर आणि रेबिन या डॉक्टरांनी १९३१ साली केलं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा मेसोथेलिओमा हा अस्तराचा कॅन्सर वेगळा आणि फार चिवट. आपली गाठ मात्र बहुतेक वेळा साधी असते. ती वर्षानुवर्षं मुकाट वाढते. मग दम लागतो, कोरडा खोकला येतो. काहींची बोटांची टोकं फुगतात, सांधे दुखतात. थोड्या रुग्णांत ही गाठ इन्सुलिनसारखं काम करणारं द्रव्य बनवते. मधुमेह नसतानाही उपाशीपोटी साखर घसरते, घाम फुटतो, शुद्ध हरपते. गाठ निघाली की साखर सावरते.

सी.टी. स्कॅन आणि सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी झाली की शस्त्रक्रिया ठरते. भूलतज्ज्ञ गाठीच्या बाजूच्या फुप्फुसाचा श्वास थांबवतात, म्हणजे सर्जनला जागा मिळते. पुष्कळदा गाठ फुप्फुसावरच्या पदराला देठाने लोंबत असते. तो देठ, भोवतीच्या थोड्या निरोगी भागासकट, कापून घेतात. लहान गाठ दुर्बिणीतून, पिशवीत घालून बाहेर काढतात, म्हणजे तिच्या पेशी छातीत सांडत नाहीत. मोठ्या गाठीसाठी बरगड्यांमधून छाती उघडावी लागते. गाठ बरगड्यांकडच्या अस्तराला धरून असेल, तर तेवढं अस्तरही काढावं लागतं.

या गाठीवर केमोथेरपीचा फारसा भरवसा नाही. म्हणून पहिल्याच शस्त्रक्रियेत ती पूर्ण निघणं सर्वांत महत्त्वाचं. छातीच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच जा, लांब जावं लागलं तरी.

आणि टाके सुकले म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. साधी ठरलेली गाठही दहा-दहा वर्षांनी पुन्हा उगवल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा काही त्रास नसला, तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला स्कॅन करून घ्या. गाठ पुन्हा आलीच, तर ती लहान असतानाच काढता येते.