सॉफ्टवेअरचे सार्वजनिक कपाट आणि वापरणाऱ्याचा शब्द

(कांजूरमार्ग येथे संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



बक्षीस मिळवणाऱ्या मुलामुलींचे कौतुक माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलेच आहे. मी आज ज्याला कोणी बक्षीस देत नाही अशा एका कामाबद्दल बोलणार आहे. ते काम म्हणजे नीट तक्रार करणे. आपल्याकडे तक्रार करणारा मुलगा आगाऊ समजला जातो. परंतु ज्या धंद्यात मी पोट भरतो, त्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नेमकी आणि सभ्य तक्रार ही मोठी दौलत आहे. ती कशी, ते एका लहानशा अनुभवावरून सांगतो.

आम्ही चार-पाच मित्रांनी मिळून शाळांसाठी एक संकेतस्थळ तयार केले. कल्पना साधी होती. जगात पुष्कळ सॉफ्टवेअर असे आहे की, त्याच्या कर्त्यांनी ते सर्वांना वापरायला, तपासायला आणि सुधारायला मोकळे ठेवले आहे. हजेरीपत्रक, गुणपत्रक, मराठी-उर्दू टंकलेखन, दाखले छापणे अशा कामांची पॅकेजे निवडून एका ठिकाणी ठेवावीत, म्हणजे गरजू शाळेला पैसे न मोजता मिळतील. पॅकेज म्हणजे काय, हे पालकांसाठी सांगतो. शिवणयंत्र घरी येते तेव्हा खोक्यात यंत्र असते, सुटे भाग असतात, जोडणीचा कागद असतो आणि आणखी काय विकत आणावे लागेल याची यादी असते. सॉफ्टवेअरचे पॅकेज म्हणजे तसेच बांधलेले खोके. आमचे संकेतस्थळ म्हणजे अशा खोक्यांचे सार्वजनिक कपाट.

कपाट तयार झाले, आम्ही खूश झालो, आणि कोणी फिरकलेच नाही. आमचा समज असा की, शिक्षकांनाच आस्था नाही. शेवटी एका शाळेत एका शिक्षिकेशेजारी मी तासभर नुसता बसलो. मी काही सांगायचे नाही, फक्त पाहायचे, असे ठरवले होते. बाईंनी शोधाच्या चौकटीत लिहिले, “दाखला छापणे”. उत्तर आले, काही सापडले नाही. पॅकेज तर तेथेच होते. पण आम्ही ते त्याच्या इंग्रजी नावाने ठेवले होते. बाईंना काम ठाऊक होते, नाव ठाऊक नव्हते. दोष बाईंचा नव्हता, आमचा होता. त्या दिवशी आम्ही सारे कपाट नावाऐवजी कामाप्रमाणे लावायला घेतले.

आम्ही फार मोठा शोध लावला असे मात्र समजू नका. ही रीत आपल्या शेजारीच चालू आहे. कांजूरमार्ग स्थानकावर पश्चिमेला उतरून रिक्षा केली की थोड्याच वेळात आपण पवईच्या आय. आय. टी.त पोहोचतो. १९५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत मोकळ्या सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार करणारा ‘फॉसी’ हा प्रकल्प आहे, आणि असे सॉफ्टवेअर घरबसल्या शिकता यावे म्हणून ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा दुसरा प्रकल्प सुरू झाला. त्याचे पाठ साधारण दहा मिनिटांचे असतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. पाठाचे ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी त्याची संहिता त्या विषयात अगदी नवख्या असलेल्या माणसाकडून तपासून घेतात. तो जेथे अडखळेल तेथे दुरुस्ती होते. पुढे पाठ ऐकताना शंका आली, तर ती कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला आली हे नोंदवून विचारता येते. पाहा, नवख्या माणसाचे अडखळणे हे तेथे अज्ञान मानलेले नाही, तपासणीचे साधन मानलेले आहे.

आता तक्रारीच्या अर्जाकडे वळू. आमच्या पहिल्या अर्जात अकरा रकाने होते आणि सगळे इंग्रजीत. अर्थातच कोणी भरत नसे. आम्ही ते काढून तीनच प्रश्न ठेवले. तुम्ही काय करीत होता? काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले? उत्तर मराठीत, उर्दूत, हिंदीत, कसेही चालेल.

त्यानंतर एका उर्दू माध्यमाच्या शाळेतून नववीतील एका मुलीचा अर्ज आला. तिने लिहिले होते की, उर्दू दाखल्यावर जन्मतारीख ०५-०८-१२ अशी टंकली तर छापताना ती १२-०८-०५ अशी उमटते. परंतु मधल्या आडव्या रेघांऐवजी तिरक्या रेघा दिल्या तर तारीख सरळ राहते. दोन्हींचा छापील नमुना तिने सोबत जोडला होता.

मित्रहो, या तीन ओळींची किंमत लक्षात घ्या. ५ ऑगस्ट २०१२ रोजी जन्मलेले मूल कागदोपत्री १२ ऑगस्ट २००५चे ठरत होते, म्हणजे जवळजवळ सात वर्षांनी मोठे. पुढे प्रवेश, शिष्यवृत्ती, पारपत्र या सर्व ठिकाणी त्या मुलाने खेटे घालायचे. जन्मतारखेच्या एका चुकीपायी कचेऱ्यांच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे येथे बसलेल्या पालकांना मी सांगायला नको. कारण शोधले तेव्हा कळले की, उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो. उर्दू अक्षरांच्या मागून आकडे आले आणि त्यांच्यामध्ये आडवी रेघ असली, की संगणकाचा नियम त्या आकड्यांचे गट उजवीकडून मांडतो. तिरक्या रेघेला तो नियम लागू होत नाही. आम्ही पदवीधर माणसे, आमच्या हे ध्यानात आले नव्हते. त्या मुलीला संगणकशास्त्र येत नव्हते. तिला नीट पाहता येत होते आणि जे पाहिले ते जसेच्या तसे लिहिता येत होते. आम्ही तो अर्ज पॅकेजच्या कर्त्याकडे पाठवला, दुरुस्ती झाली आणि नवी आवृत्ती कपाटात आली. तिच्या खाली काय दुरुस्त झाले आणि ते कोणाच्या तक्रारीवरून, हे शाळेच्या परवानगीने आम्ही नोंदवले.

यातून आम्ही एक नियम केला. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा, आणि तिचे पुढे काय झाले ते सर्वांना दिसेल असे ठेवायचे. १९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’ या जगप्रसिद्ध उपक्रमातही असेच उघड तक्रारवही चालते. तेथे आणखी एक सोय आहे. जे स्वखुशीने संमती देतात त्यांच्याच संगणकांवरून कोणती पॅकेजे वापरली जातात याची निनावी मोजदाद होते, आणि तबकड्यांवर कोणती पॅकेजे आधी घ्यायची हे ठरवायला तिचा उपयोग केला जातो. न विचारता माहिती उचलणे वेगळे आणि संमतीने घेणे वेगळे, हा फरक आपल्या मुलांनी मनावर कोरून ठेवावा.

लोक म्हणतील, एवढे कशाला? पाच चांदण्यांची पद्धत ठेवा, ज्याला आवडेल तो चांदण्या देईल. आम्ही तीही ठेवून पाहिली. कर्त्याचे मित्र पाच चांदण्या देत आणि रागावलेला माणूस एक देई. का, ते दोघेही सांगत नसत. मग आम्ही चांदण्या काढल्या आणि एवढेच विचारू लागलो की, कोणत्या यंत्रावर चालले आणि कोणत्यावर चालले नाही? ‘पर्ल’ या संगणकभाषेचे ‘सीपॅन’ नावाचे भांडार १९९५पासून आहे. त्यात आलेले पॅकेज स्वयंसेवक नाना प्रकारच्या यंत्रांवर चालवून पाहतात आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा अहवाल देतात. शाळेच्या जुन्या संगणकासाठी काही घेताना असा एक अहवाल शंभर चांदण्यांहून अधिक उपयोगी पडतो.

येथवर तक्रारीचे गुण गायले. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘एक्सझेड’ नावाचे माहिती आटोपशीर बांधणारे एक लहानसे सॉफ्टवेअर आहे. जगातल्या असंख्य संगणकांत ते असते, आणि त्याचा सांभाळ लासे कॉलिन हे फिनलंडमधील गृहस्थ जवळजवळ एकट्याने, विनामोबदला करीत होते. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला की, काम फार हळू चालले आहे, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. थकलेल्या कॉलिन यांनी ‘जिया तान’ नावाच्या मदतनिसाला हळूहळू अधिकार दिले. २०२४च्या आरंभी त्याच नावाने आलेल्या आवृत्त्यांत परक्याला आत शिरता येईल असा चोरदरवाजा होता. तगादा लावणारी ती नावेही त्याच कटातील असावीत, असे मानले जाते.

मग तो उघडकीस कसा आला? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की, दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्यांनी कारण शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांसमोर मांडले.

या एकाच हकिकतीत वापरणाऱ्याचा शब्द दोन रूपांत दिसतो. एकात नुसती घाई आणि दमदाटी होती. त्याने दार उघडले गेले. दुसऱ्यात निरीक्षण आणि पुरावा होता. त्याने दार बंद झाले. प्रत्येक फाइलला ओळखीचा एक ठसा असतो, तो आम्हीही कपाटात छापतो. परंतु ठसा एवढेच सांगतो की, माल वाटेत बदललेला नाही. मूळ मालच निर्दोष आहे की नाही, हे डोळे उघडे ठेवणारा माणूसच सांगू शकतो. म्हणून आमच्या अर्जावर आता एक ओळ ठळक छापली आहे: हे पॅकेज कोणी तरी आपल्या झोपेच्या वेळेतून वेळ काढून तुमच्यासाठी केले आहे, दोष जरूर सांगा, पण माणसाशी बोलतो आहोत हे विसरू नका.

पालकांना माझी एकच विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी म्हणाली की, अब्बा, यात काही तरी चुकले आहे, तर “तुला काय कळते” असे म्हणून गप्प बसवू नका. काय चुकले ते कागदावर लिहायला सांगा. विद्यार्थ्यांना सांगतो, महागडा संगणक नाही, इंग्रजी कच्चे आहे, म्हणून या क्षेत्राचे दार आपल्याला बंद आहे असे समजू नका. काय करीत होतो, काय व्हायला हवे होते, काय झाले, एवढे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. त्या नववीतल्या मुलीजवळ याहून अधिक काही नव्हते. आज किती तरी मुलांच्या दाखल्यांवर जन्मतारीख बरोबर छापली जाते. ती मुले तिला ओळखत नाहीत, आणि तिलाही त्यांची नावे ठाऊक नाहीत.