घरात एकट्याचे पथ्य
(वर्षावासात रविवारच्या वंदनेनंतर विहारात केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला 'आहार आणि आरोग्य' हा विषय दिला, तेव्हा आमच्या घरी सगळे हसले. कारण या विषयावर आमच्या दहा बाय सोळाच्या खोलीत जेवढी भांडणे झाली, तेवढी गिरणीच्या गेटवरसुद्धा झाली नसतील. आम्ही काही डॉक्टर नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या ऑफिसातल्या वर्तमानपत्रांवर आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा गोळ्या-औषधांबद्दल आम्ही बोलणार नाही, ते डॉक्टरांना विचारायचे. घरात पथ्य एकट्याला असते आणि बाकीच्यांना त्यात गोडी नसते, तेव्हा काय काय होते एवढेच सांगणार आहोत.

आम्ही त्रासन खात्यात तीस वर्षे काढली. रातपाळीला झोप येऊ नये म्हणून दोन-तीन कप गोड चहा, सुटल्यावर गेटवर वडापाव, घरी येऊन ताटभर भात आणि मग झोप. कामात घाम निघत होता तोवर हे खपून गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गिरणी बंद पडली, घाम बंद झाला, पण भात आणि चहा चालूच राहिले. २०२१ साली चपलेने पायाला झालेली साधी जखम महिना उलटला तरी भरेना. दवाखान्यात रक्त तपासले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. ती साडेसहा किंवा वर गेली की मधुमेह समजतात. आमची साडेनऊ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, पाय सांभाळायचा असेल तर आधी ताट सांभाळा."

आम्ही घरी आलो आणि चूक केली. आयुष्यभर गेट मीटिंगला भाषणे ठोकण्याची सवय, तीच घरात वापरली. आजपासून साखर बंद, मैदा बंद, भात एक वाटी, सर्वांनी ज्वारीची भाकरी खायची, असा ठरावच मांडला. अनुमोदन कोणीच दिले नाही, तरी तो आम्ही मंजूर करून टाकला! डब्यातले फरसाण उचलून शेजारी देऊन आलो. नातू रडायला लागला. मुलगा म्हणाला, "पप्पा, साखर तुम्हाला झालीय, आम्हाला नाही." सून काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून समजत होते.

आमच्या आयुष्मती चार घरी चपात्या लाटायला जातात. दोन दिवस त्या गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्या बायांकडे बिनतेलाची भाजी नि नाचणीची भाकरी करून यायचं, घरी येऊन तुमचं वेगळं, पोरांचं वेगळं. मला हात किती आहेत? आजवर कधी पीठ मळलंय तुम्ही?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. व्यासपीठावरून स्त्री-पुरुष समतेवर आम्ही किती बोललो असू, पण काटवट घरात कुठे ठेवलेली असते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आईचे कारण निराळे होते, आणि ते समजायला आम्हाला फार दिवस लागले. आम्ही मूळचे माण तालुक्यातले. आमचा जन्म १९७१ चा आणि १९७२ ला मोठा दुष्काळ. आई आम्हाला झाडाखाली झोळीत टाकून खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेचा मिलो मिळायचा, लालसर ज्वारी, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. गव्हाची चपाती आमच्याकडे सणाला, आणि त्याआधीच्या पिढीने तर गावकीच्या शिळ्या तुकड्यांवर दिवस काढलेले. मुंबईत येऊन रोज चपाती-भात ताटात आला, हे आईच्या दृष्टीने आपण माणसांत आल्याचे लक्षण. नाचणीची भाकरी पुढे ठेवली तेव्हा तिने ताट सरकवले. म्हणाली, "आरं, मिलूची भाकर खाऊन तुला पाजलंय म्या. आता म्हातारपणी पुन्यांदा त्योच रंग दावतूस व्हय?"

बंधू-भगिनींनो, शहरातल्या मोठ्या घरांत आज भाकरीला मान आहे. २०२३ हे वर्ष तर जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. पण ज्यांनी ती भाकरी मागून खाल्ली त्यांना ती आरोग्याच्या नावाखाली वाढताना जरा विचार करावा लागतो. आईला आम्ही पुन्हा कधी भाकरीचा आग्रह केला नाही. ती चपाती खाते, खाऊ द्या.

ठराव मागे घेतला आणि भाकरी स्वतः करायला लागलो. पहिल्या आठवड्यात एकही गोल झाली नाही. पाणी उकळते हवे, पीठ तळहाताने रगडून मळायला हवे, थापताना कड फाटली तर पीठ जुने आहे असे समजायचे, हे सुनेने शिकवले. चाळीतले लोक दारातून डोकावून हसत. हसोत. गिरणीत धागा तुटला की चालत्या चात्यावर बोटाने सांधत होतो, ही तर भाकरी.

इथे एक सांगून ठेवतो, कारण पुष्कळांची गैरसमजूत आहे. भाकरी म्हणजे औषध नव्हे. आम्ही सुरुवातीला उत्साहाने तीन-तीन मोठ्या भाकऱ्या खाल्ल्या आणि साखर तसूभरही हलली नाही. डॉक्टरीणबाई हसल्या. ज्वारीत चोथा जास्त असतो, मैद्यापेक्षा बरी, पण तीही शेवटी पिठूळच, मोजूनच खायची. आता एक भाकरी, पण आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर, मग उसळ किंवा अंडे, आणि भात शेवटी चार घास. आधी भाजी-उसळ पोटात गेली की जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. यासाठी घरात वेगळा स्वयंपाक लागत नाही. सगळ्यांच्याच भांड्यातले, फक्त क्रम आणि माप आमचे. सुकट आम्ही सोडलेली नाही, दोनदा पाण्यात धुऊन घेतो म्हणजे मीठ कमी होते. रविवारच्या मटणात वरची तर्री बाजूला काढतो. ती मुलगा ओरपतो, त्याला आमचा इलाज नाही.

तेलाच्या बाबतीत मात्र घर थोडे हलले, आणि ते भाषणाने नाही, हिशोबाने. माणशी दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमपेक्षा जास्त तेल नको असे सांगतात. आम्ही सहा माणसे. महिन्याला पाच लिटरचा एक डबा व्हायला हवा, आमचा जात होता आठ लिटर. हा हिशोब आयुष्मतींनीच मांडला, वरच्या तीन लिटरचे पैसे त्यांना दिसले. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सहा जणांना महिन्याला एक किलोसुद्धा नाही. आमच्याकडे दोन पुडे संपत, शिवाय पापड-लोणचे वेगळे. आईला रक्तदाब आहे. तिने भाकरी नाकारली, पण ताटातले वाढीव मीठ सुनेच्या सांगण्यावरून सोडले. आमच्या सांगण्यावरून नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे आपणांस ठाऊक आहे. १९४८ च्या एप्रिलमध्ये माईसाहेबांशी विवाह झाल्यावर त्यांच्या प्रकृतीची काळजी घरातच एक डॉक्टर घेत होत्या. आपल्या घरी चार घरच्या चपात्या लाटून दमून आलेली बाई असते. तिच्याकडून त्याच सेवेची अपेक्षा करणे बरे नव्हे.

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट आहे. तो द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मापात खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने काय केले? राजवाड्याला पथ्य लावले नाही. सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली, त्याबद्दल दिवसाला शंभर कार्षापण कबूल केले. हळूहळू राजा एका नाळी मापावर आला. ही गोष्ट आम्ही नातवाला सांगितली. तेव्हापासून तो आमच्या शेजारी बसतो आणि दुसऱ्या भाकरीकडे हात गेला की ओरडतो, "आबा, राजा!" महिन्याला दहा रुपये मागतो. कार्षापणाच्या मानाने स्वस्त आहे. त्याची पाच रुपयांची पाकिटे बंद झालेली नाहीत, पण रोजची आता दोन दिवसाआड आली.

आमची तपासणी साडेनऊवरून सात पूर्णांक दोनवर आली, जखम भरली. पण मुलाचा विषय अजून सुटलेला नाही. वय तीस, दिवसभर मोटारसायकलवर पार्सले पोचवतो, दुपारचे जेवण म्हणजे चायनीज भेळ नाहीतर वडापाव. पोट सुटले आहे. बापाला मधुमेह असला की मुलाला धोका जास्त असतो, हे त्याला एकदा सांगितले, शांतपणे. तपासणीला ये म्हटले. "बघू," म्हणाला. वर्ष झाले. पूर्वीचे आम्ही असतो तर भांडण काढले असते. आता सकाळी आमच्या डब्याबरोबर त्याचाही एक डबा भरून दाराजवळ ठेवतो, उसळ आणि दोन चपात्या. कधी नेतो, कधी तसाच राहतो. राहिला की संध्याकाळी आम्ही खातो, बोलत नाही.

शेवटी कमिटीला एक विनंती. आपल्याकडे कार्यक्रमानंतर एकाच किटलीत चहा येतो, साखर घातलेला. आज आम्ही घरून दुसरी किटली आणली आहे, बिनसाखरेची. झाकणाला निळी चिंधी बांधली आहे. ज्यांना हवा त्यांनी घ्यावा, बाकीच्यांनी आपला नेहमीचा घ्यावा. पुढच्या रविवारी ही किटली कोणी आणायची तेवढे आज ठरवून टाका.

जयभीम. नमो बुद्धाय.