सिरीजचा बल्ब

घरातली एखादी वस्तू बंद पडली की आपला पहिला प्रश्न असतो, ‘दुरुस्तीला किती लागतील?’ श्रोतेहो, आज मला ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, ती माणसं वेगळं विचारतात. ‘बंद पडण्याआधी काय झालं होतं? वास आला? खरखर झाली? की चालता चालता एकदम गप्प?’

ही माणसं धंदेवाईक मेकॅनिक नव्हेत. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी एस.टी.त. रात्रीचं जेवण झालं की टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरतात आणि मल्टिमीटर, सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बसतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली ही त्यांची तीर्थक्षेत्रं. मी आपला जियारतीची ठिकाणं म्हणतो.

आमच्या मोहल्ल्यात असे एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत. त्यांच्या भिंतीवर एक लाकडी फळी आहे. तिच्यावर बल्बचा एक होल्डर आणि एक सॉकेट. याला ‘सिरीज बोर्ड’ म्हणतात. बिघडलेली वस्तू थेट विजेला जोडायची नाही, मध्ये शंभर वॅटचा जुना, तारेचा बल्ब घ्यायचा. वस्तूत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. विजेचा सगळा जोर तो स्वतःवर घेतो आणि वस्तू जळायची वाचते. शॉर्ट नसेल तर टीव्हीसारख्या वस्तूच्या वेळी बल्ब क्षणभर चमकून मंदावतो. एलईडी बल्बला हे काम जमत नाही, कारण इथं तापणाऱ्या तारेचा विरोधच उपयोगाचा असतो. त्यामुळे मास्तर जुने बल्ब कापसात गुंडाळून ठेवतात, आपण अत्तराच्या कुप्या ठेवाव्यात तसे.

मसाले दळून विकणाऱ्या एक आपा एकदा मिक्सर घेऊन आल्या. सर्व्हिस सेंटरनं मोटार गेल्याचं सांगितलं होतं. खर्च जवळजवळ नव्या मिक्सरएवढा. रमजान तोंडावर आलेला, ऑर्डरी घेतलेल्या. मास्तरांनी आधी मिक्सर उलटा करून तळाचं लाल बटण दाबून पाहिलं. फार ताण आला की ते सुटतं आणि मिक्सर बंद होतो. कित्येक मिक्सर एवढ्यावरच सुरू होतात. हा झाला नाही.

‘आपा, जळका वास आला होता का?’

‘नाही सर. आत ठिणग्या मात्र दिसायच्या.’

मास्तरांचा चेहरा खुलला. मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवायला कोळशाचे दोन छोटे तुकडे असतात, त्यांना ब्रश म्हणतात. घासून घासून ते झिजतात आणि ठिणग्या उडू लागतात. दोघांच्या चहा-भज्याला लागतील तेवढ्या पैशांत नवी जोडी आली आणि संध्याकाळी मिरच्या दळल्या गेल्या. अख्खी गल्ली शिंकत होती.

मला या छंदात काटकसरीपेक्षा मोलाचं वाटतं ते हे अंदाजानं न बोलणं. पंखा मंद फिरतो, हातानं ढकलावा लागतो, तेव्हा ‘पंखा म्हातारा झाला’ असं म्हणून आपण मोकळे होतो. बहुतेकदा त्याचा कपॅसिटर उतरलेला असतो, बोटाच्या पेराएवढा एक डबा. एलईडी बल्बमध्ये बारीक दिवे एकापुढे एक जोडलेले असतात. एक गेला की बाकीचे धडधाकट असून अंधार. असं एकेक तपासत दोषापर्यंत जाणं ही शिस्त आहे, आणि ती वस्तूंपुरती राहत नाही. मास्तर माणसांबद्दलही घाईनं मत देत नाहीत.

पण सावध करायला हवं. प्लग काढला म्हणजे धोका संपला, असं नाही. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची, पण टीव्हीच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ती 320 व्होल्टच्या घरात साठून राहू शकते. मायक्रोवेव्हमध्ये तर हजारो व्होल्ट. तो घरी उघडूच नये. मास्तरही उघडत नाहीत.

त्यांची खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या काही रेडिओंसोबत सर्किटचा नकाशा मिळायचा. कोणता भाग कुठं, हे कंपनीच सांगायची. आता वस्तू डिंकानं चिकटवलेल्या, स्क्रू निराळ्याच आकाराचे, नकाशा गुप्त. पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडायचीही चोरी. 2009 मध्ये ॲमस्टरडॅमला ‘रिपेअर कॅफे’ सुरू झाला. लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकारांशेजारी बसून दुरुस्त करतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस माहितीचं पोर्टल काढलं. पाऊल चांगलं आहे. पण ग्राहकसेवेचा दूरध्वनी क्रमांक मिळणं वेगळं आणि नकाशा मिळणं वेगळं. नकाशा आणि सुटे भाग विकत मिळालेच पाहिजेत, असं बंधन हवं.

सध्या शेजारची एक नववीतली मुलगी मास्तरांकडे येते. तिच्या टेबललॅम्पसाठी ती स्क्रूड्रायव्हर घेऊनच बसली होती. मास्तर म्हणाले, ‘बेटा, झाकण नंतर. आधी प्लग पाहा.’ तिनं प्लग उघडला. आतली एक तार सुटली होती.